भिंत, अळी, बाजार आणि ओहोटी : मुंबईच्या शाळांत जीवशास्त्राचे प्रत्यक्ष पाठ अभ्यासक्रमाशी कसे जोडावेत

निसर्गभेटीहून मुले आनंदाने परत येतात आणि तरीही पुढच्या घटक चाचणीत ‘ब्रायोफायटा’ (मॉससारख्या वनस्पतींचा गट) हा शब्द दिसताच अडखळतात, असा अनुभव बहुतेक विज्ञान शिक्षकांच्या गाठीशी असतो. माझ्याही गाठीशी तो आहे. दोष मुलांच्या आकलनाचा नसून आपल्या नियोजनाचा असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आपण भेटीचे ठिकाण आधी ठरवतो, बस ठरवतो, डब्याच्या सूचना देतो आणि तिथे पोहोचल्यावर जे समोर येईल ते दाखवतो. पाठ्यपुस्तक मात्र शाळेतच राहते. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाठातील एक नेमके विधान निवडावे, ते मुंबईत कुठे आणि कोणत्या महिन्यात डोळ्यांनी पडताळता येईल याचा शोध घ्यावा आणि मगच वर्गाबाहेर पाऊल टाकावे. पुढील मजकूर राज्य मंडळाच्या सातवी ते दहावीच्या विज्ञानाला धरून लिहिला आहे. इतर मंडळांच्या शिक्षकांना धड्यांची नावे बदलून हीच रीत वापरता येईल.

विधान कसे निवडावे

धडा हातात पेन्सिल घेऊन वाचावा आणि त्यातील विधानांच्या तीन वाटण्या कराव्यात. काही विधाने नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने पडताळता येतात, काहींना सूक्ष्मदर्शक लागतो आणि काही शाळेत पडताळता येतच नाहीत. डीएनएची रचना तिसऱ्या वाटणीत जाते. ती फळ्यावर किंवा प्रतिकृतीवरच शिकवावी आणि तिच्यासाठी ओढूनताणून ‘कृती’ शोधू नये. आपल्या कामाची पहिली दोन प्रकारची विधाने.

निवडलेले विधान असे असावे, की मुलाला ते चुकीचेही ठरवता आले पाहिजे. ‘पर्यावरणाचे रक्षण केले पाहिजे’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्यावर निरीक्षणाचा पाठ उभा राहत नाही. ‘पानाच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूस पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) अधिक असतात’ हे विधान मात्र पडताळता येते. जास्वंदाच्या पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावावा, तो दहा मिनिटे पूर्ण वाळू द्यावा, पारदर्शक चिकटपट्टीने अलगद उचलून काचपट्टीवर चिकटवावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या एकाच दृष्टिक्षेत्रात दिसणारी रंध्रे दोन्ही ठशांवर मोजावीत. एवढे काम ३५ मिनिटांच्या तासिकेत होते आणि वर्गातील दहा गटांचे आकडे फळ्यावर लिहिले की सरासरी का काढायची, हेही मुलांना न सांगता कळते. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच असेल तर रिओ या शोभेच्या झाडाच्या जांभळ्या पाठीच्या पानाची साल हाताने सोलून तिची एकच काचपट्टी सर्वांना दाखवावी. ती रंगीत असल्यामुळे नवख्या डोळ्यालाही रंध्रे लगेच सापडतात.

पाठ टाचणात धड्याचा क्रमांक लिहिण्याऐवजी हे विधान जसेच्या तसे लिहावे आणि त्यासमोर संबंधित अध्ययन निष्पत्ती नोंदवावी. पाठ्यपुस्तके बदलतात, धडे मागेपुढे होतात. पण पर्णरंध्रांविषयीचे विधान नव्या पुस्तकातही कुठे ना कुठे भेटतेच आणि जुने टाचण वाया जात नाही. एका पाठाला एकच विधान हा नियम मी कसोशीने पाळते. तीन विधाने घेऊन बाहेर पडलेला वर्ग एकही धड घेऊन परत येत नाही.

वार्षिक नियोजन पावसाशी जुळवावे

मुंबईतील शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवात गतीच्या नियमांनी होते, वनस्पतींचे वर्गीकरण सहाव्या क्रमांकावर येते आणि परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह सातव्या. पुस्तकाच्या क्रमाने गेल्यास हे धडे अनेकदा पहिल्या सत्राच्या अखेरीस ढकलले जातात. तोवर पाऊस ओसरलेला असतो, भिंतींवरचे मॉस करपायला लागलेले असते आणि हाती उरते ती पुस्तकातील आकृती. म्हणून वनस्पतींचे वर्गीकरण जुलैच्या अखेरीस घ्यावे आणि गतीचे नियम किंवा धाराविद्युत खुशाल पुढे न्यावेत. घसरगुंडीवरून सरकणारा ठोकळा जानेवारीतही तसाच सरकतो. भिंतीवरील नेचे मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

हा बदल जूनच्या पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांशी बोलून वार्षिक नियोजनात नोंदवून घ्यावा आणि समांतर तुकडीच्या शिक्षकांचीही संमती मिळवावी, कारण घटक चाचणीची प्रश्नपत्रिका सर्व तुकड्यांना एकच असते. मी एका वर्षी हे बोलणे टाळले. परिणामी माझ्या तुकडीला न शिकवलेल्या धड्यावर चाचणी द्यावी लागली आणि त्याची झळ मुलांना बसली.

दहावीच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. पूर्वपरीक्षा तोंडावर आल्यावर मुले आणि पालक दोघांचेही मन बाहेरच्या पाठात नसते आणि ते स्वाभाविकही आहे. तेव्हा दहावीचे बाहेरचे सर्व काम जून ते नोव्हेंबर या काळातच आटोपावे. उलट सातवी-आठवीसाठी हिवाळा उत्तम. ठाणे खाडीत रोहित पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात आणि सातवीच्या ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’ या पाठाला त्यांची वाकडी, चिखल गाळणारी चोच याहून चांगले उदाहरण मला मुंबईच्या परिसरात सापडलेले नाही. ही खाडी २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग शैवाल आणि सूक्ष्मजीवांतून अन्नावाटे येणाऱ्या रंगद्रव्यांचा आहे, एवढी एक गोष्ट सांगितली तरी अन्नसाखळीचा धागा मुलांच्या हाती लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचवलेली आहे. शाळेने ती स्वीकारली असेल तर यातील एक दिवस विज्ञानासाठी आग्रहाने मागून घ्यावा.

शाळेची भिंत

माझा सर्वाधिक विश्वास कोणत्याही उद्यानापेक्षा शाळेच्या आवारातील जुन्या भिंतीवर आहे. तिला परवानगी लागत नाही, बसभाडे लागत नाही आणि ती वर्षभर पुन्हा पुन्हा पाहता येते. लालबाग-परळ, गिरगाव, दादर अशा जुन्या वस्त्यांतील चुन्याच्या बांधकामाच्या भिंतींवर ऑगस्टमध्ये नववीचा जवळजवळ अख्खा सहावा धडा उगवलेला असतो.

दोन दिवस आधी स्वतः जाऊन भिंत पाहून ठेवावी. सहा-सहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला सुतळीची ३० सेंटिमीटर बाजू असलेली चौकट, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि एक कोरा कागद द्यावा. नावे आधी मुळीच सांगू नयेत. चौकटीत दिसणाऱ्या प्रत्येक हिरव्या वस्तूला मुलांनी स्वतः अ, ब, क अशी अक्षरे द्यावीत, चित्र काढावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : मूळ, खोड आणि पान वेगवेगळे ओळखता येतात का, पानात शिरा दिसतात का, फूल किंवा बी दिसते का. हेच तीन प्रश्न वनस्पतींच्या वर्गीकरणाचे निकष आहेत. पुढच्या तासिकेला, १८८३ साली आइख्लर या वनस्पतिशास्त्रज्ञाने बीज आहे की नाही यावरून वनस्पतींची अबीजपत्री आणि बीजपत्री अशी विभागणी केली, हे पुस्तकातील वाक्य वाचले जाते तेव्हा मुलांच्या कागदावर ती विभागणी आधीच झालेली असते. पारिभाषिक शब्द हा पाठाचा शेवट असावा, आरंभ नव्हे. मुलाने पाहिलेल्या वस्तूला नाव मिळाले की ते टिकते.

भिंतीवर काय भेटेल तेही सांगते. तळाशी, जिथे पाणी झिरपते तिथे निसरडा हिरवा थर असतो. ते शैवाल, म्हणजे थॅलोफायटा. त्याच्याजवळ अनेकदा काळपट थर असतो. तो बहुधा नील-हरित जीवाणूंचा असतो आणि ‘हा वनस्पतींत धरायचा का’ या प्रश्नावरून आठवीत शिकलेली व्हिटाकर यांची १९६९ ची, सजीवांना पाच सृष्टींत विभागणारी पंचसृष्टी पद्धती उजळून घेता येते. थोडे वर मखमलीसारखे मॉस लागते. पुस्तकात फ्युनारियाचे चित्र असले तरी दिसणाऱ्या प्रत्येक मॉसला फ्युनारिया म्हणू नये. ‘मॉस’ एवढेच म्हणणे अचूक ठरते. मार्केंशिया मुंबईच्या भिंतींवर सहसा मिळत नाही, पण तिच्यासारखीच जमिनीला चिकटून पसरणारी रिक्सिया पावसाळ्यात कुंडीतल्या ओल्या मातीवर शोधावी. विटांच्या सांध्यांतून नेचे डोकावतात : हंसराज असतो, टेरिस असतो. त्यांची कोवळी पाने घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असतात आणि पक्व पानाच्या कडेला किंवा मागे बीजाणुधानींच्या (बीजाणू धरणाऱ्या बारीक पिशव्यांच्या) तपकिरी रेषा दिसतात. मुले त्यांना कीड समजतात. ती समजूत ताबडतोब दुरुस्त न करता भिंग हाती द्यावे. सर्वांत वर, कावळ्याच्या विष्ठेतून पडलेल्या बीपासून उगवलेला पिंपळ हमखास असतो आणि तो आवृत्तबीजींची, म्हणजे फळात बी झाकलेल्या वनस्पतींची, बाजू सांभाळतो. राहता राहिले अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बियांच्या वनस्पती. त्यांच्यासाठी जवळच्या उद्यानातील किंवा एखाद्या सोसायटीच्या फाटकाजवळचा सायकस दाखवावा.

पुस्तकातील ज्या विधानासाठी मी हा पाठ घेते ते असे, की ब्रायोफायटा गटातील वनस्पतींना प्रजननासाठी पाण्याची गरज असल्याने त्यांना वनस्पतिसृष्टीतील उभयचर म्हणतात. पावसाळ्यात एवढे पटते की मॉस ओलसर जागीच आहे. खरी परीक्षा जानेवारीत होते. त्याच चौकटीपाशी मुलांना परत न्यावे, तपकिरी पडलेल्या वाळक्या मॉसवर चमचाभर पाणी टाकावे आणि भिंगातून पाहत राहावे. काही मिनिटांत आक्रसलेली पाने उलगडून हिरवी दिसू लागतात. तिथे मुलांना विचारावे की पिंपळाचे रोप असे वाळले असते तर ते परत हिरवे झाले असते का, आणि नसते तर का नाही. पाणी वाहून नेणाऱ्या संवहनी ऊती, मुळे, पाणी धरून ठेवण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा, असा सगळा उरलेला धडा या एका प्रश्नातून बाहेर येतो.

अळीच्या अंगी किती लागते

अन्नसाखळीच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते, हे विधान मुले आकृतीसकट पाठ करतात आणि त्याचा अर्थ क्वचितच विचारतात. या नियमामागे पर्यावरणशास्त्रज्ञ लिंडमन यांचे १९४२ चे काम आहे. शाळेत ऊर्जा मोजता येत नाही, वस्तुमान मात्र मोजता येते, आणि त्यासाठी कढीपत्त्याची एक कुंडी पुरते.

कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर लिंबावरचे फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन ही दोन फुलपाखरे मुंबईत नेहमी अंडी घालतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि पुढे ती पानासारखी हिरवी होते. सातवीच्या वर्गासाठी एवढे निरीक्षणही अनुकूलनाचा एक पूर्ण पाठ आहे. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांचा असल्याने तो एका घटकाच्या कालावधीत बसतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन याच कुळातील आहे आणि त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

प्रयोगासाठी मोठी हिरवी अळी निवडावी, कारण लहान अळीच्या वजनातील फरक साध्या काट्यावर उमटत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. रुंद तोंडाच्या बरणीत अळी आणि वजन केलेली ताजी पाने ठेवून तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. शेजारी अगदी तशाच बरणीत तेवढीच पाने ठेवावीत, पण अळी ठेवू नये. चोवीस तासांनी उरलेली पाने, अळी आणि विष्ठा यांची वेगवेगळी वजने घ्यावीत. दुसरी बरणी का, हे मुलांना आधी सांगू नये. तिच्यातही पाने हलकी झालेली दिसली की कुणीतरी स्वतःहून म्हणते की पाणी उडून गेले असणार, आणि मग तेवढी घट अळीच्या हिशेबातून वजा करायची हे सर्वांना पटते. नियंत्रित मांडणी म्हणजे काय, हे शिकवण्याची याहून चांगली संधी मला मिळालेली नाही. बाजारातून आणलेला कढीपत्ता अळीला कधीही घालू नये; त्यावर कीटकनाशकाचा अंश असला तर अळी मरते.

खाल्लेल्यापैकी अंगी किती लागले, याचा आकडा वर्गात बहुधा नेमका दहा टक्के येणार नाही. ही अडचण नसून पाठाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. एका अळीचे एका दिवसातील वाढीचे प्रमाण आणि संपूर्ण पोषण पातळीकडून पुढील पातळीकडे जाणारी ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : झाडाची बहुतेक पाने कुणी खातच नाही, पुष्कळ अळ्या फुलपाखरू होण्याआधीच मरतात आणि ओल्या पानाचे वजन म्हणजे ऊर्जा नव्हे. पुस्तकातील दहा टक्के ही मोठ्या समूहांची ढोबळ सरासरी आहे, हे मुलांना यातून उमगते. एखाद्या अळीतून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी किंवा माशी बाहेर आली तर मुले खट्टू होतात. त्यांना सांगावे की अन्नसाखळीची आणखी एक पातळी आपल्या बरणीत आपोआप दाखल झाली. बाहेर आलेले फुलपाखरू त्याच कुंडीपाशी सोडून द्यावे.

मासळी बाजार

दहावीच्या भाग दोनमधील ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या धड्यासाठी मुंबईच्या मुलांना प्राणिसंग्रहालयाची गरज नाही. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारीला बंदी असते; नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरू लागला की पाच-सहा मुलांच्या गटांनी शनिवारी शाळा सुटल्यावर एखाद्या मोठ्याबरोबर घराजवळच्या बाजारात जावे. संपूर्ण वर्ग एकदम नेऊ नये. विक्रीच्या वेळी साठ मुले ओट्याभोवती उभी राहणे कोळिणींवर अन्याय करणारे आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर एखाद्या मावशींना नम्रपणे विचारले तर त्या कोणत्याही शिक्षकापेक्षा अधिक नेमकेपणाने मासे ओळखायला शिकवतात.

कोळंबी, चिंबोरी आणि शेवंड यांच्या पायांचे सांधे मोजावेत; ते संधिपाद. तिसऱ्या (शिंपल्या), कालवे आणि माकूल यांना एकाच मृदुकाय संघात का घातले असावे, हा प्रश्न मुलांना चक्रावून टाकतो, कारण तिसरीला बाहेर शिंपला आहे आणि माकुलाला तो दिसत नाही. मावशींना माकूल साफ करताना आतील पातळ पारदर्शक पाते दाखवायला सांगावे. कवचाचा तो अवशेष पाहिला की प्रश्न सुटतो. मत्स्य वर्गाचे कंकाल कास्थिमय किंवा अस्थिमय असते, या विधानासाठी मुशी आणि पापलेट शेजारी शेजारी पाहावेत. मुशीच्या बाजूला कल्ल्यांच्या उघड्या फटी मोजता येतात, तर पापलेटचे कल्ले झाकणाखाली असतात. मग बोंबील हाती घेऊन विचारावे : याचे काटे इतके मऊ आहेत, म्हणजे हा मुशीच्या गटातला का? बहुतेक मुले होय म्हणतात. बोंबलाचे कल्ल्याचे झाकण शोधून त्यांनी स्वतःचे उत्तर स्वतःच खोडावे. तो अस्थिमत्स्यच आहे.

काही घरांत मासळी चालत नाही आणि त्या मुलांना बाजारात जाण्याची सक्ती कदापि करू नये. त्यांच्या गटाला गांडूळ, गोगलगाय, झुरळ आणि कोळी यांवर तेच काम द्यावे. गुणांत फरक नसावा.

ओहोटीची वेळ

बाजारात स्पंज, समुद्रफूल आणि प्रवाळ मिळत नाहीत; त्यांच्यासाठी खडकाळ किनाऱ्यावर जावे लागते. हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ २०२० साली सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी दुसरीकडे हलवावे लागले होते, हे ऐकून मुंबईतील अनेक मोठ्या माणसांनाही आपल्या शहरात प्रवाळ आहेत याचे आश्चर्य वाटते.

या पाठाचे यश वेळेवर अवलंबून असते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची ढोबळ वेळ काढण्याची जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. शाळेच्या वेळेला सोयीची म्हणून मी पहिल्यांदा मुलांना अष्टमीलाच नेले. ओहोटी बरोबर बाराला आली, पण खडक उघडे पडलेच नाहीत, कारण अष्टमीची भरती-ओहोटी भांगाची असते आणि पाणी फारसे मागे सरत नाही. पाणी दूरवर हटते ते उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दोन दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, जी शाळेला अडचणीची. म्हणून शुद्ध किंवा वद्य तृतीया निवडावी. तीनाची पाऊणपट सव्वादोन, तेव्हा ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास, आणि उधाणाचा जोरही अजून टिकून असतो. अंतिम वेळ मात्र प्रसिद्ध झालेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवावी. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी परत फिरताच सर्वांना बाहेर काढावे. पावसाळ्यात हा पाठ घेऊच नये.

दहा मुलांमागे एक मोठे माणूस, पायांत न घसरणारे बूट, पालकांचे लेखी संमतीपत्र आणि प्रथमोपचार पेटी एवढे तरी असावेच. काहीही उचलून आणू नये. प्रवाळांसह अनेक सागरी जीव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित आहेत. उलटून पाहिलेला दगड पूर्वीसारखाच ठेवावा, कारण त्याच्या सावलीत जगणारे जीव उन्हात तासाभरात मरू शकतात. खाडीकाठी जायचे असल्यास ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र किंवा मिठी नदीकाठी जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान अशा ठिकाणीच जावे. तिवराची जमिनीतून खिळ्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे आणि पानावरचे मिठाचे कण भिंगातून दाखवावेत. चाखून पाहू देऊ नये, खाडीचे पाणी दूषित आहे.

गुण कुठे नोंदवावेत

प्रत्यक्ष पाठाचे गुण कुठेच नोंदवले गेले नाहीत तर दोन वर्षांत तो नियोजनातून गळून पडतो. आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आणि तोंडी काम ही साधने उपलब्ध आहेत. भिंतीची चौकट ‘उपक्रम’ म्हणून आणि अळीची नोंदवही ‘प्रकल्प’ म्हणून नोंदवावी. दहावीत विज्ञानाच्या लेखी ८० गुणांसोबतचे २० गुण प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यांच्या नेमून दिलेल्या प्रयोगांत फेरफार करू नये, पण तोंडी परीक्षेतील प्रश्न बाजारातून आणि किनाऱ्यावरून जरूर घ्यावेत.

सर्वांत परिणामकारक ठिकाण मात्र घटक चाचणीच. तिच्यात निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही. मी विचारलेला एक प्रश्न असा : ‘शाळेच्या मागील भिंतीवर मॉस आहे, गच्चीच्या कठड्यावर नाही. याचे संभाव्य कारण लिहा आणि ते पडताळण्यासाठी काय कराल ते सांगा.’ उत्तर तपासताना कारणाला एक आणि पडताळणीच्या रीतीला दोन गुण द्यावेत. सावली हे कारण लिहिणारी मुले पुष्कळ निघतात. कठड्यावर सावली करून आणि भिंतीवर ऊन पाडून पाहू, असे लिहिणारी पहिल्या वर्षी तीनच निघाली. दुसऱ्या वर्षी तो आकडा वाढला, कारण अळीच्या दुसऱ्या बरणीचा अर्थ तोवर वर्गात मुरला होता.

भिंतीच्या नोंदींसाठी एक जाड, पुठ्ठ्याची वही करावी आणि ती मुलांच्या घरी न जाऊ देता प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावी. पहिल्या पानावर भिंतीचा मापासह नकाशा काढून प्रत्येक चौकटीची जागा जमिनीपासूनच्या उंचीसह नोंदवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नववीला नेमकी तीच जागा सापडेल. मध्ये कधी भिंतीला गिलावा झाला किंवा रंग लागला तर तीही नोंद तारखेसह करावी आणि पहिले शैवाल किती आठवड्यांनी परतले, ते पाहत राहावे.